एडिसनच्या यादीतला पाचवा उपयोग



दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून काय निघेल याचा नेम नसतो. यंदा आमच्याकडे चपलांचा एक जुना खोका निघाला आणि त्यात २९ कॅसेट. बऱ्याचशा भजनांच्या आणि सिनेमातल्या गाण्यांच्या. एका कॅसेटवर मात्र काकांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, ‘आजी, जात्यावरची गाणी’. त्यावर निळ्या पेनाने काट मारलेली, आणि खाली दुसऱ्या अक्षरात, ‘टॉप हिट्स १९८७’.

ते दुसरं अक्षर माझं.

तेव्हा मी दहावीत होते. रेडिओवर आवडतं गाणं लागलं की धावत जाऊन रेकॉर्डचं बटण दाबायचं, हा आमचा छंद. नवी कॅसेट विकत घ्यायला पैसे नसायचे, म्हणून घरात जी हाताला लागेल ती. आजी त्याच्या आदल्या वर्षी गेली होती. तिच्या आवाजावर मी सिनेमातली गाणी भरली, आणि त्यात काही चुकतंय असं मला त्या वेळी वाटलंही नाही.

परवा माझी मुलगी त्या चिठ्ठीकडे बघून म्हणाली, “आई, पणजी कशी बोलायची गं?” आम्ही राहतो वडोद्याला. मुलीने साताऱ्याकडची बोली कधी कानांनी ऐकलेलीच नाही. मी आजीची नक्कल करून दाखवायला गेले आणि मलाच ती जमेना. म्हणून या महिन्यात आवाज साठवण्याच्या यंत्राबद्दल लिहायचं ठरवलं. ते कशासाठी जन्माला आलं आणि आपण त्याचा कशासाठी वापर केला, याची ही गोष्ट.

गाणं चौथ्या नंबरावर होतं

थॉमस एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ तयार केला. गोल फिरणाऱ्या नळकांड्यावर कथलाचा पातळ पत्रा गुंडाळलेला. समोर बोललं की पडदा थरथरायचा, त्याला जोडलेली सुई त्या पत्र्यावर खळगे पाडत जायची, आणि पुन्हा त्या खळग्यांवरून सुई फिरवली की बोललेलं ऐकू यायचं. एडिसनला स्वतःला कमी ऐकू यायचं, हे विशेष. त्याने यंत्रासमोर म्हटलं ते इंग्रजी शाळांतल्या मुलांना पाठ असतं ते मेरीच्या कोकराचं बालगीत.

पुढच्याच वर्षी एका अमेरिकन नियतकालिकात त्याने या यंत्राचे उपयोग क्रमाने लिहून काढले. ती यादी वाचण्यासारखी आहे. पहिला उपयोग, पत्रं आणि मजकूर सांगणं. दुसरा, अंध व्यक्तींसाठी बोलती पुस्तकं. तिसरा, वक्तृत्व शिकवणं. संगीत आलं ते चौथ्या नंबरावर. पाचव्या नंबरावर त्याने लिहिलं आहे ‘कुटुंबाची नोंद’: घरातल्या माणसांची बोलणी आणि आठवणी त्यांच्याच आवाजात, शेवटच्या आजारातले अखेरचे शब्दही. त्यापुढे खेळणी, वेळ सांगणारी घड्याळं, भाषांचे उच्चार जपणं, शिक्षण आणि टेलिफोनशी जोडणी.

ही यादी आज आपल्याला उलटीपालटी वाटते, कारण मधल्या काळात चौथ्या उपयोगाने बाकी सगळ्यांना मागे टाकलं.

त्याची सुरुवात फार साधी होती. १८८९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एका दारूच्या गुत्त्यात लुई ग्लास नावाच्या माणसाने फोनोग्राफला नाणं टाकायची खाच बसवली. नाणं टाका, कानाला नळी लावा, गाणं ऐका. लोकांच्या रांगा लागल्या. एडिसनला हे आवडलं नव्हतं. त्याचं यंत्र कचेरीत कामाला यावं, त्याचं खेळणं होऊ नये, असं त्याला वाटत होतं. पण गिऱ्हाइकाला जे हवं होतं ते गिऱ्हाइकाने निवडलं.

आता गाण्यांची मागणी वाढली, पण मेणाच्या नळकांड्यांच्या भरपूर प्रती काढायची सोय तेव्हा नव्हती. मग करायचं काय? गायकाच्या समोर तीन-चार यंत्रं मांडायची आणि त्याने तेच गाणं पुन्हा पुन्हा म्हणायचं. जॉर्ज जॉन्सन हा गुलामगिरीच्या काळात व्हर्जिनियात जन्मलेला कृष्णवर्णीय गायक. न्यूयॉर्कमध्ये तो रस्त्यावर शीळ वाजवून, गाऊन पैसे मिळवायचा. त्याचं हसण्याचं एक गाणं इतकं खपलं, की तेच गाणं, तेच हसू त्याला अक्षरशः हजारो वेळा यंत्रापुढे द्यावं लागलं. लोकप्रिय संगीताच्या धंद्यातल्या पहिल्या मोठ्या नावांपैकी हा एक, आणि त्याचं काम म्हणजे दिवसभर मोबदल्यावर हसणं.

लाख आपली, यंत्र त्यांचं

ही अडचण सोडवली एमिल बर्लिनरने. जर्मनीतून अमेरिकेत आलेल्या या माणसाने १८८७ साली नळकांड्याऐवजी सपाट तबकडी वापरली आणि यंत्राला नाव दिलं ग्रामोफोन. तबकडीचा मोठा फायदा असा, की एक साचा तयार झाला की त्यावरून पाहिजे तितक्या प्रती छापता येतात, पुस्तकासारख्या.

या तबकड्या पुढे ज्या मसाल्याच्या झाल्या त्यातला मुख्य पदार्थ आपल्या देशातला होता. तो म्हणजे लाख. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जो राळेसारखा थर तयार करतात, तो खरवडून, वितळवून, गाळून चपडा करायचा. त्यात दगडाची बारीक भुकटी आणि काजळी मिसळून गरम साच्यात दाबलं की तबकडी तयार. छोटा नागपूरच्या जंगलांतली, म्हणजे आजच्या झारखंडातली लाख जहाजांनी युरोप-अमेरिकेत जायची. दुसऱ्या महायुद्धात तिचा तुटवडा पडला तेव्हा तिकडे लोकांकडून जुन्या तबकड्या गोळा करून, वितळवून नव्या करायची वेळ आली होती.

लाखेच्या मागोमाग आवाजही गेला. १९०२ साली फ्रेड गायसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा माणूस कलकत्त्यात सामान घेऊन उतरला. एका हॉटेलच्या खोलीत त्याने यंत्र मांडलं आणि ११ नोव्हेंबरला त्याच्यासमोर गौहर जान गायली. तेव्हा माईक नव्हते. मोठ्या कर्ण्यात तोंड घालून जोराने गायचं, हलायचं नाही, आणि गाणं तीन मिनिटांच्या आत संपवायचं. तासभर चालणारी मैफल तिने तेवढ्या वेळात कशी बसवली असेल याचा विचार आजचे गवईही कौतुकाने करतात. गाणं संपलं की ती इंग्रजीत म्हणायची, “माय नेम इज गौहर जान.” हा दिमाख नव्हता, कामाची गोष्ट होती. ध्वनिमुद्रणं जर्मनीत हॅनोव्हरच्या कारखान्यात जायची. तिथल्या कामगारांना कोणत्या तबकडीवर कुणाच्या नावाची चिठ्ठी लावायची हे कळायला हवं होतं.

तिची ही युक्ती लक्षात ठेवा. शेवटी ती आपल्याला लागणार आहे.

तबकडीने दिलं ते थोडं नाही. ज्या गायिकेच्या मैफलीत पाऊल टाकणं साध्या माणसाला शक्य नव्हतं, ती चहाच्या दुकानात ऐकू येऊ लागली. ज्या बाईने आयुष्यात घराबाहेर जाऊन गाणं ऐकलं नव्हतं, तिने ते ओसरीवर ऐकलं. बंगाली गाणं मराठी घरात आलं आणि मराठी नाट्यपद इंदूर-बडोद्यात पोहोचलं. गौहर जान स्वतः कितीतरी भाषांत गायली.

पण एक गोष्ट हातातून गेली, ती सहसा कुणी सांगत नाही. मेणाच्या नळकांड्याच्या फोनोग्राफवर घरच्या घरी आवाज भरता यायचा. ग्रामोफोनवर फक्त ऐकता यायचं. तबकडी जिंकली आणि घरातला माणूस फक्त श्रोता झाला. बोलायचं, गायचं ते स्टुडिओतल्या निवडक लोकांनी. आपण विकत घ्यायचं आणि ऐकायचं. एडिसनच्या यादीतला पाचवा उपयोग कागदावरच राहिला.

आईसाठी केलेली तबकडी

तरीही मधूनमधून साध्या माणसाला स्वतःचा आवाज ऐकायची संधी मिळत गेली, आणि प्रत्येक वेळी काहीतरी विलक्षण घडलं. दोन गोष्टी सांगते, दोन्ही अमेरिकेतल्या.

१९४१ साली ॲलन लोमॅक्स आणि जॉन वर्क हे दोघे लोकगीतं गोळा करत मिसिसिपी राज्यात फिरत होते. तिथल्या सरकारी ग्रंथालयासाठी हे काम चालू होतं. स्टोव्हल नावाच्या कापसाच्या मळ्यावर त्यांना एक शेतमजूर भेटला. शनिवार-रविवारी गिटार वाजवून गाणारा. त्याचं नाव मडी वॉटर्स. त्याची गाणी त्यांनी तिथेच तबकडीवर भरली आणि लगेच त्याला ऐकवली. आपला आवाज इतरांना कसा ऐकू येतो हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. पुढे तो सांगत असे, की त्या क्षणी मला वाटलं, बाजारातल्या तबकड्यांवर जे गातात त्यांच्यासारखंच मला येतंय की! लोमॅक्सने नंतर त्याला तबकडीच्या दोन प्रती आणि २० डॉलर पाठवले. ती तबकडी त्याने नाणं टाकून वाजवायच्या पेटीत नेऊन लावली. १९४३ साली तो मळा सोडून शिकागोला गेला, हातात इलेक्ट्रिक गिटार घेतली, आणि त्या शहराचं संगीत बदललं. इंग्लंडमधल्या ‘रोलिंग स्टोन्स’ने आपलं नावसुद्धा त्याच्या एका गाण्यावरून घेतलं.

दुसरी गोष्ट १९५३ सालची, मेम्फिस शहरातली. सॅम फिलिप्सच्या छोट्या स्टुडिओत कुणीही यावं, सुमारे चार डॉलर द्यावेत आणि आपल्या आवाजाची एकच तबकडी करून घरी न्यावी, अशी सोय होती. १८ वर्षांचा, नुकतीच शाळा संपवलेला एक मुलगा गिटार घेऊन आला आणि त्याने दोन गाणी भरून घेतली. आईला भेट द्यायला केली, असं तो पुढे सांगायचा. स्वतःचा आवाज ऐकायची हौस होती, असंही म्हणतात. दोन्ही खरं असायला काय हरकत आहे? तिथे काम करणाऱ्या मॅरियन कायस्कर या बाईंनी त्याचं नाव टिपून ठेवलं. एल्विस प्रेस्ली. पुढच्या वर्षी त्याच स्टुडिओत त्याची पहिली व्यावसायिक तबकडी निघाली. आईसाठी म्हणून केलेली ती एकुलती तबकडी २०१५ साली तीन लाख डॉलरला विकली गेली.

म्हणजे बघा, पाचव्या नंबरच्या उपयोगातून चौथ्या नंबरचा सगळ्यात मोठा गायक निघाला.

खिशात मावणारा आवाज

घराच्या हातात आवाज परत आला तो कॅसेटमुळे. फिलिप्स कंपनीतल्या लू ओटेन्स या डच अभियंत्याने १९६३ साली ती जगापुढे आणली. आकार केवढा हवा हे ठरवायला त्याने आपल्या जाकिटाच्या खिशात मावेल असा लाकडी ठोकळा करून घेतला होता. आपल्याकडे कॅसेट खऱ्या अर्थाने पसरली ती १९८०च्या आसपास. आखाती देशांत कामाला गेलेली माणसं सुट्टीवर येताना टू-इन-वन आणायची. आमच्या काकांनीही १९८३ साली तसाच आणला.

कॅसेट स्वस्त होती, म्हणून ज्यांना तबकड्यांच्या जमान्यात कुणी विचारत नव्हतं त्यांची गाणी बाजारात आली. लोकगीतं, भीमगीतं, कोळीगीतं, गावोगावची भजनी मंडळं. पण त्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते लाल ठिपक्याचं बटण. काका परत गेल्यावर काकू त्यांना कागदावर पत्र लिहायच्या नाहीत, कॅसेट भरून पाठवायच्या. त्यात धाकट्याचं बोबडं बोलणं, कोंबड्यांचा आवाज, मध्येच आजीची सूचना, “त्येला सांग, जेवत जा वेळेवर.” एडिसनचा पहिला आणि पाचवा, दोन्ही उपयोग एकाच वेळी.

आणि त्याच सुट्टीत काकांनी आजीला जात्याजवळ बसवून तिच्या ओव्या भरल्या. गावात तोवर पिठाची गिरणी आली होती, जातं नुसतंच पडून होतं. आजी आधी लाजली. मग जात्याला हात लागला आणि सुरूच झाली.

अशा ओव्यांची किंमत कुणाला कळली होती का? कळली होती. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या पुण्यातल्या अभ्यासकांनी त्या काळात गावोगाव फिरून बायकांकडून ओव्या लिहून घ्यायला सुरुवात केली. हा साठा एक लाखाच्या वर गेला. पुढे बर्नार बेल यांनी त्यातल्या कितीतरी बायकांचे आवाजही मुद्रित केले. आज हे सगळं ‘पारी’ या संकेतस्थळावर कुणालाही ऐकता येतं. मी गेल्या आठवड्यात रात्री बसून ऐकलं. अनोळखी बायकांचे आवाज, पण जात्याची घरघर आमच्याच घरातली वाटत होती.

आमच्या कॅसेटला मात्र माझ्यापासून वाचवणारं कुणी नव्हतं. ज्यांनी कॅसेट वापरल्या त्यांना आठवत असेल, वरच्या कडेला दोन बारीक प्लास्टिकचे तुकडे असायचे. ते मोडून टाकले की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता यायचं नाही. दोन तुकडे मोडायचे, बस. ते कुणी मोडले नव्हते.

जे उरलं ते

चालू अवस्थेतला टेपरेकॉर्डर शोधायला चार दिवस लागले. शेवटी शेजारच्या गुजराती काकांकडे मिळाला. सगळे भोवती बसलो. पहिली बाजू पूर्ण ‘टॉप हिट्स’. दुसरी बाजूही तीच. शेवटचं गाणं अर्ध्यात तुटलं, कारण मी तिथे बटण बंद केलं असणार. मग खट्ट असा आवाज झाला आणि त्याच्यामागून जातं ऐकू आलं. माझी गाणी कॅसेटच्या शेवटापर्यंत पोहोचली नव्हती.

उरले होते अर्ध्या मिनिटाहून थोडे जास्त. ओवीची शेवटची ओळ, जातं थांबल्याचा आवाज, आणि मग आजी विचारते, “झालं का रं? बंद केलास का त्यो डबा?” तिथे फीत संपते.

मुलीने ते सहा वेळा ऐकलं. सातव्या वेळी ती ‘डबा’ तशीच म्हणाली, अगदी आजीच्या हेलात.

तर मंडळी, आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचं यंत्र आहे. एडिसनने यादीत लिहिलेलं सगळं त्यात होतं, आणि फुकट होतं. तरी बहुतेक घरांत आजी-आजोबांचे फोटो शेकड्यांनी आहेत, पण सलग दहा मिनिटांचा आवाज नाही. म्हणून माझ्या चुकीतून शिकलेल्या चार गोष्टी सांगते.

घरात जुनी कॅसेट असेल तर आधी तिचे ते दोन तुकडे मोडा. लगेच वाजवू नका. फितीवर पांढरी बुरशी दिसली किंवा आतली फेल्टची गादी पडली असेल, तर जाणकाराकडे द्या. ठीक दिसली तर एकदा शेवटापर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळून घ्या, टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, आणि पहिल्यांदा वाजवतानाच ती संगणकात किंवा फोनमध्ये उतरवून घ्या. जुनी फीत दुसऱ्यांदा साथ देईलच असं नाही.

फोनवर नवं भरणार असाल तर पंखा बंद करा, फोन घडी घातलेल्या टॉवेलवर हातभर अंतरावर ठेवा, आणि भरतोय हे त्यांना सांगून, विचारून भरा. “काहीतरी बोला ना” असं म्हटलं की माणसं गप्प होतात. त्यापेक्षा कामाचं विचारा. तुमच्या लग्नात किती माणसं जेवली? मसाला कसा कुटायचात? शाळेत कोण मास्तर होते? त्यांची बोली सुधारायला जाऊ नका, तीच तर जपायची आहे. मधे कुकरची शिट्टी झाली तर होऊ द्या.

भरून झालं की फाइलला नाव आणि तारीख द्या, आणि एक प्रत फोनबाहेर दुसरीकडे ठेवा. फोन हरवतात.

आणि सगळ्यात आधी, गौहर जानची युक्ती. त्यांना स्वतःचं पूर्ण नाव, गाव आणि वय त्यांच्याच तोंडाने सांगायला लावा. पन्नास वर्षांनी ऐकणाऱ्याला हा आवाज कुणाचा, ते विचारायला आपण नसू.

आमची अर्ध्या मिनिटाची आजी आता चार ठिकाणी साठवलेली आहे. काल माझ्या आईला समोर बसवलं, ती ८१ वर्षांची आहे. नाव सांगून झालं आणि म्हणाली, “आता काय सांगू? माझ्याकडे काय आहे सांगण्यासारखं?” त्यानंतर ती सव्वा तास बोलत होती.

पुढच्या महिन्यात भेटूच. तोवर एक तरी आवाज भरून ठेवा.